झिरो बघा, ताई

सोलापुरात पत्ता सांगताना देवळाखालोखाल पंपाचा नंबर लागतो. 'पंपाच्या अलीकडं डावीकडं वळा', 'पंपासमोरची गल्ली', 'पंप लागला म्हणजे तुम्ही पुढं गेलाव, परत या'. पंप कुठल्या कंपनीचा, हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणारा विचारत नाही. पंपावर नुसतं पेट्रोल कधीच नसतं. एका कोपऱ्यात हवा भरायचं मशीन, त्याला लागून पंक्चरवाला, फाटकापाशी पीयूसीची व्हॅन, बाहेर चहाची गाडी. स्कूटरवाल्या बाईनं उतरायचं, पर्स खांद्याला अडकवायची, सीट उचलायची, झाकण फिरवायचं. नोझल हातात घेऊन उभा असलेला पोरगा म्हणतो, "ताई, झिरो बघा." आपण झिरो बघतो. बघून विश्वास बसतो असं नाही, म्हणून तर शंभरचं न सांगता एकशेदहाचं टाका म्हणतो. शंभर, दोनशे, पाचशे या आकड्यांना मशीन 'सेट' केलेलं असतं, अशी गावभर समजूत. ती कुणी तपासून बघितलेली नाही. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली, तरी पंपावर मीही एकशेदहाच म्हणत आले.

इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि हा झिरो बघायचा राहिला. आता पेट्रोलचा आजचा भाव मला सांगता येत नाही. शंभरीच्या वर आहे एवढं माहीत, पुढचे पैसे कोण लक्षात ठेवतंय! पूर्वी भाव म्हणजे घरातली बातमी असायची. 'आज रात्री बारापासून दोन रुपये वाढणार' असं टीव्हीवर लागलं की बाबा जेवण अर्धवट टाकून स्कूटर काढायचे. पंपावर रांग असायची, आणि तिथं अर्ध्या पेठेची गाठ पडायची. वाचायचे किती, तर फार तर दहा-पंधरा रुपये. त्यासाठी तासभर रांगेत उभं राहायला कुणाचीच हरकत नसायची. १६ जून २०१७ पासून देशभर रोजच्या रोज भाव बदलायला लागले आणि मध्यरात्रीची रांग एका फटक्यात संपली. थेंबाथेंबानं वाढणाऱ्या भावासाठी कोण पळतंय? त्यानंतर तशी रांग दिसली ती जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत, टँकरचालक संपावर गेले तेव्हा. कॅन, बाटल्या, जे हाताला लागेल ते घेऊन लोक उभे. रांगा लावायची आमची हौस कुठं गेलेली नाही, तिला कारण लागतं इतकंच.

पंपावरची ती दोन-तीन मिनिटं आपण फार गृहीत धरली होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत कॅल्क्युलेटर घेऊन बसले. एक लिटर पेट्रोल जाळलं तर साधारण नऊ युनिट विजेइतकी उष्णता निघते. मोटारीत पेट्रोल सोडणारी नोझल मिनिटाला पस्तीसेक लिटर ओतते. म्हणजे मिनिटाला तीनशेच्या वर युनिटं, आणि वेगाच्या हिशेबात जवळजवळ एकोणीस मेगावॉट. आपल्या आहेरवाडी-फताटेवाडीच्या एनटीपीसीची क्षमता १३२० मेगावॉट. त्याचा अर्थ, गावातल्या सत्तर नोझल एकाच वेळी दाबल्या तर त्यांतून वाहणारी शक्ती अख्ख्या वीज केंद्राएवढी भरते! आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा मांडला, तरी तोच आला. यातली तीन-चतुर्थांश शक्ती इंजिन नुसती गरम होण्यात घालवतं, ही गोष्ट वेगळी. तरी घरातला पंधरा अँपिअरचा प्लग देतो जेमतेम तीन किलोवॉट. नोझलच्या सहा हजारांवा हिस्सा.

त्यामुळं 'चार्जिंग पेट्रोलइतकं झटपट कधी होणार' हा प्रश्न मला जरा फसवा वाटतो. मशीनं सुधारतील, गाड्याही सुधारतील, पण आमच्यासारख्यांच्या सवयीत खरा फरक पडतो तो दुसरीकडं. गाडी दिवसातले बावीस-तेवीस तास नुसती उभी असते. तिनं उभ्या उभ्याच पोट भरायचं, आपण तिच्यासाठी थांबायचं नाही. सोलापूरकराला हे शिकवायला लागू नये. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात आपण तहान लागल्यावर विहिरीकडं जात नाही. पाणी येईल तेव्हा हौद, टाकी, पिंप, घागर सगळं भरून ठेवतो, मग ते पहाटे तीनला का येईना.

एक जुळवून घेणं मात्र खास इथलं. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हातून एमआयडीसीतून घरी आलं की गाडी लगेच प्लगला लावायची नाही. बॅटरी तापलेली असते. ताप जास्त असला की गाडीतलं सर्किट स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करतं. आधी आपला चहा, मग तिचा चार्जर.

आता ज्यावरून आमच्या अपार्टमेंटमध्ये महाभारत झालं त्या प्लगबद्दल. पार्किंगमध्ये एकच प्लग, पाण्याच्या मोटरजवळ, सोसायटीच्या कॉमन मीटरवर. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं आपली स्कूटर तिथं लावायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी प्लगवर चिकटपट्टी, पाचव्या दिवशी लोखंडी पेटी आणि कुलूप. मीटिंग लागली. एक काका म्हणाले, "तुमच्या गाडीची वीज आम्ही का भरायची?" प्रश्न वावगा नव्हता. मुलगा म्हणाला, "काका, पूर्ण चार्जला साडेतीन युनिट लागतात, चाळीस रुपये. मी देतो ना." त्यावर काकू: "चाळीसच लागतात हे आम्हाला कसं कळणार?" म्हणजे इथंही झिरो बघायला पाहिजेच. शेवटी सबमीटर बसवायचं ठरलं. पुढचं भांडण वायरचं. प्रत्येकानं आपापल्या मीटरपासून आपापल्या पार्किंगपर्यंत पाइपातून केबल न्यायची, खर्च ज्याचा त्यानं करायचा. ज्याचं पार्किंग मीटरच्या खोलीजवळ, त्याचं थोडक्यात भागलं. कोपऱ्यातल्याला तिप्पट खर्च. आणि ज्यांनी फ्लॅट घेताना पार्किंग घेतलंच नाही, त्यांच्या गाड्या रस्त्यावर. त्यांचं नाव मीटिंगमध्ये निघालंच नाही.

माझं सगळं म्हणणं इथंच येऊन थांबतं. पेट्रोलला हजार नावं ठेवा, पण पंपावर बंगलेवाला आणि रिक्षावाला एकाच भावानं भरत होते. एकाच रांगेत, एकाच नोझलनं. विजेचं तसं नाही. ज्याच्याकडं स्वतःची जागा, स्वतःचं मीटर, वर छतावर सोलर, त्याला गाडी जवळजवळ फुकटात पळते. ज्याला घरी प्लग नाही त्यानं बाहेरच्या चार्जरवर युनिटला वीस रुपये, कुठं त्याच्याही वर मोजायचे, घरच्या दराच्या दुपटीच्या आसपास. त्यात आणखी एक मेख आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे. त्यामुळं चार्जिंग स्टेशन काढायला वीज वितरणाचा परवाना लागत नाही, कुणीही काढू शकतो. चांगली गोष्ट. पण सेवा म्हटली की जीएसटी आला, अठरा टक्के. घरच्या विजेवर जीएसटी नाही. तीच वीज, तीच गाडी. घरात पार्किंग नसलेल्याच्या बिलावर कर.

बाळीवेस, शुक्रवार पेठ, अशोक चौकामागच्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. खाली माग, वर बिऱ्हाड, दारात गटार, गटारापलीकडं गाडी. काढता येणाऱ्या बॅटरीच्या स्कूटरी आहेत, ती बॅटरी पिशवीसारखी जिना चढवून न्यायची. वजन आठ-दहा किलो. तरणा पोरगा नेईल. विड्या वळून पाठ धरलेली बाई नेईल का? कुंभारीला विडी कामगारांची घरकुलं झाली, रे नगरच्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. गावापासून लांब, म्हणजे गाडीवाचून गत्यंतर नाही. पण निदान दारात जागा आहे, नावावर मीटर आहे. या बाबतीत जुन्या पेठेतल्यापेक्षा ते नशीबवान निघतील, असं आधी कुणी म्हणालं असतं तर मला हसू आलं असतं.

आमच्या कारखान्यात माल पोचवणारा एक रिक्षावाला आहे. आम्ही त्याला अण्णा म्हणतो, तोही मला अक्का म्हणतो. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, गाडीशी दोन्ही. इलेक्ट्रिक रिक्षा घे म्हणून त्याच्या पोरानं त्याच्यामागं लकडा लावलाय. मी त्याला बचतीचा हिशेब मांडून दाखवला, तर त्यानं माझ्याच धंद्यातली खोट काढली. म्हणाला, "अक्का, मी पेट्रोल रोजचं रोज टाकतो. दोनशेची भाड्याची भर झाली की दोनशेचं टाकतो. पैसे नसले तर गाडी फिरत नाही, पण देणं पण राहत नाही. लाइट बिल महिन्यानं येणार. तेव्हा तेवढे एकदम कुठनं आणू बे?" शेवटचा 'बे' मला नव्हता, परिस्थितीला होता.

हे मला सुचलं नव्हतं. 'शंभरचं टाका' ही खरं तर हप्त्याची सोय होती. रोज कमवायचं, रोज टाकायचं, उधारी शून्य. वीज महिनाभर उधार मिळते आणि महिन्याच्या शेवटी एकरकमी दार ठोठावते. वर स्लॅब. घरात महिन्याला शंभर युनिटांच्या आत भागवणाऱ्या कुटुंबाला स्वस्तातला दर पडतो. रिक्षा रोज सात-आठ युनिटं खाणार, म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर. सगळं वरच्या स्लॅबमध्ये. पंखा आणि टीव्ही तेवढेच चालले तरी बिल बघून घरात भांडण ठरलेलं. गाडीसाठी वेगळं मीटर मागता येतं, पण ते बसवायचं कुठं? भाड्याच्या खोलीचा मालक आधीच भिंतीत खिळा ठोकू देत नाही.

ओळखीचे एक पंपवाले काका आहेत. वडिलांच्या वेळचा पंप. घाबरलेत का, म्हणून विचारलं. "घाबरायचंय काय? ट्रॅक्टर आहेत, ट्रक आहेत, कारखान्यांचा सीझन आहे." त्यांचं खरं आहे. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. ऊस ओढणारे ट्रॅक्टर उद्या बॅटरीवर पळतील असं दिसत नाही. मोहोळ, टेंभुर्णी, अक्कलकोटकडच्या पंपांना अजून बरीच वर्षं मरण नाही. धक्का बसेल तो गावातल्या पंपांना, ज्यांचा गल्ला दुचाकींवर चालतो. "लिटरमागं चारेक रुपये कमिशन," काका म्हणाले, "डिझेलला त्याच्याहून कमी. त्यातनं पोरांचे पगार, वीज, पाणी, उडून जाणारं पेट्रोल. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं. तेवढ्यात त्याला विकणार काय? चार्जिंगवालं पाऊण तास थांबतंय. पण दिवसातनं येतात किती?"

चार्जर लावायचा तर लोड वाढवून घ्यायचा, डीपीचा खर्च, केबल. शिवाय पंप हे आगीला भिणारं ठिकाण. नागपूरच्या विस्फोटक खात्याची परवानगी, टाक्यांपासूनची अंतरं, सगळं मोजून-मापून. नोझलशेजारी भज्यांची कढई चढवता येत नाही. पाऊण तास थांबणाऱ्याला तर नेमकी भजीच हवी असतात! म्हणून मला वाटतं, हा धंदा पंपाकडून हॉटेलाकडं सरकेल. पुणे रस्त्यावर तो सरकायला लागलाही आहे. इथनं पुणं अडीचशे किलोमीटर. मध्यम बॅटरीची मोटार एसी लावून, शंभरच्या वेगानं तेवढं अंतर एका दमात कापेल, पण पोचेपर्यंत चालवणाऱ्याचा जीव टांगणीला. मग इंदापूर किंवा भिगवणला थांबणं आलं. दहा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत भरभर चढतं, त्यापुढं बॅटरी सांभाळायला वेग उतरतो. जाणकार ऐंशीला केबल काढून मोकळे होतात. तोवर उजनीच्या मासळीचं ताट होतं. पूर्वी ढाबा निवडायचा तो बाहेर किती ट्रक उभे आहेत ते बघून. ट्रक जास्त म्हणजे जेवण चांगलं. आता लोक मोबाइलच्या नकाशात हिरवा ठिपका बघून जेवायला थांबतात. भाजी कशी असेल ते नशीब.

काकांना मी १८८८ सालची एक गोष्ट सांगितली. जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेली मोटार त्याला न सांगता घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटरची वाट. वाटेत इंधन संपलं तेव्हा तिनं वीस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोईन घेतलं, कपड्यांचे डाग काढायला वापरतात ते. पंप नावाची चीज तेव्हा नव्हतीच, तिचा पंप म्हणजे मेडिकलवाला. काका म्हणाले, "मग मेडिकलवाल्यांचं काय वाईट झालं? त्यांचं आमच्यापेक्षा बरं चाललंय."

काकांपेक्षा मला काळजी वाटते ती नोझलवाल्या पोरांची आणि गॅरेजवाल्यांची. आमच्या मिस्त्रीला एक तडाखा आधीच बसलाय. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, नव्या गाड्यांतला कार्बोरेटर गेला, आणि कानानं इंजिन ओळखणाऱ्या माणसाला 'कॉम्प्युटर लावल्याशिवाय काय कळंना बघा' असं म्हणायची पाळी आली. इलेक्ट्रिक गाडीत तर ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच प्लेट नाही, पीयूसीसुद्धा लागत नाही. उरले टायर, ब्रेक, बेअरिंग. पंक्चरवाला तेवढा टिकेल. त्याचा खिळा कुठल्याही गाडीला चालतो. पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, टँकरच्या रांगा आहेत, त्या रांगांवर जगणारी हॉटेलं, टायरवाले, क्लीनर आहेत. तिकडं बदल सावकाश पोचेल.

आणि ऊस? पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, ते उसाचा रस, मळी, मका, तांदूळ यांतून येतं. म्हणजे माझी स्कूटर जितकं पेट्रोल वाचवते, तितकी जिल्ह्यातल्या कारखान्याच्या इथेनॉलची गिऱ्हाइकी कमी करते. कोळशाचं तर बोलायलाच नको. माझ्या गाडीचा धूर आहेरवाडीच्या चिमणीतून निघतो आणि त्या चिमणीला पाणी उजनीचं. 'पर्यावरणासाठी घेतली' असं मी कुणाला सांगत नाही. परवडते म्हणून घेतली.

कारखान्यात मात्र एक गंमत चालू आहे. छपरावर सोलर बसवलंय. दुपारी वीज मुबलक, आणि पार्किंगमध्ये कामगारांच्या गाड्या नऊ ते सहा उन्हात नुसत्या तापत उभ्या. मी मालकांना म्हटलं, शेडखाली चार प्लग द्या. मालक म्हणाले, "मॅक्झिमम डिमांड, म्हणजे एका वेळी ओढलेला सगळ्यात जास्त भार, वाढली तर?" चार स्कूटरींचा भार दोन मोठ्या एसींएवढाही नाही, हे कागदावर दाखवलं तेव्हा प्लग मिळाले. खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यावर ऑडिटरशी वाद झाला. मी 'कर्मचारी कल्याण'मध्ये टाकला, चहाच्या खालच्या ओळीत.

२०१८ च्या सरकारी नियमात शहरात तीन किलोमीटर बाय तीन किलोमीटरच्या चौकोनात एक आणि महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक चार्जिंग स्टेशन असं ठरलं होतं. मोठ्या, झटपट मशीनचे फोटो पेपरात येतात, फीत कापायला माणसं येतात. माझं मागणं त्याहून फार साधं आहे. सिव्हिल हॉस्पिटल, मार्केट यार्ड, एसटी स्टँड, होम मैदानाजवळचा वाहनतळ, जिथं गाड्या तासन्‌तास उभ्या असतात तिथं साधे, हळू भरणारे, मीटर लावलेले प्लग ओळीनं द्या. पेठेतल्या रस्त्यांवर दिव्याच्या खांबाला एकेक. दर घरच्याच विजेचा. परवा अण्णाला हे सांगितलं, तर त्यानं आधी माल उतरवला, घाम पुसला आणि एकच विचारलं: "पैसे दिवसाचे दिवसाला घेतील का, अक्का?" घेतील, मोबाइलवर घेतील, म्हटलं. "मग लावतो की. पण झिरो मी बघणार."